‘तुझं तारण झालं का?’ : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

भंडारा शहरात रेल्वे स्टेशन नाही. ‘भंडारा रोड’ नावाचं स्टेशन आहे ते वरठीला, शहरापासून लांब. नागपूरला जायचं तर आधी ऑटोने वरठी गाठायची आणि मग प्लॅटफॉर्मवर बसून गाडीची वाट बघायची. आमच्या पिढीच्या निम्म्या गप्पा या प्लॅटफॉर्मवरच झाल्या आहेत. नोकरी, परीक्षा, प्रेमभंग, सगळं.

इथेच एका संध्याकाळी माझ्या शाळेपासूनच्या मित्राने मला विचारलं, “तुझं तारण झालं का?”

मी हसलो. म्हटलं, “तारण ठेवायला सोनं कुठे आहे बे माझ्याकडे?” भंडाऱ्याच्या बाजारात चार पावलांवर ‘सोने तारण कर्ज’ असा बोर्ड दिसतो. माझ्या डोक्यात तारण म्हणजे तेवढंच होतं.

तो हसला नाही. तोवर तो वर्षभर नागपूरला एका प्रार्थनासभेला जात होता. आपला नवा जन्म झाला आहे असं तो सांगायचा. मला त्याचा हेवा वाटायचा आणि रागही यायचा. हेवा अशासाठी की त्याची दारू सुटली होती, झोप लागत होती, चेहरा मोकळा झाला होता. आणि राग त्याच्या आईकडे बघून यायचा.

त्याची आई, म्हणजे काकू, दर गुरुवारी शिरा करतात आणि देवाला नैवेद्य दाखवतात. लहानपणापासून आम्ही दोघं त्या शिऱ्यावर वाढलो. आता तो नैवेद्याचं खात नव्हता. काकू एकदा मला म्हणाल्या, “बाबू, तू पुस्तकं वाचतोस ना. मग मला सांग, त्याचा नवा जन्म झाला म्हणतो, तर मग आधीच्या जन्मातली आई मी कोण?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. पण त्या प्रश्नामुळे मी एक पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं. शाळेत त्यातला एखादा विनोदी उतारा अभ्यासून आपण ते मिटून टाकलेलं असतं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे.

एकच रूळ

आधी एक गंमत सांगतो. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. वय बत्तिशीच्या आतबाहेर. कवी, संस्कृतचे जाणकार, स्वभावाने अस्थिर, कामाच्या शोधात. त्या गाडीत त्यांना एक गोरा मिशनरी भेटला. गप्पा झाल्या. त्याने टिळकांना ‘नवा करार’ भेट दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं.

नागपूर ते राजनांदगाव हा मार्ग कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया, डोंगरगड असा जातो. म्हणजे मराठी साहित्यातला सगळ्यात गाजलेला ‘नवा जन्म’ ज्या प्रवासात रुजला, तो प्रवास आमच्या वरठीवरून गेला. डब्यातली ती गप्पा नेमकी कुठल्या स्टेशनाच्या आधी रंगली, हे शोधण्यात अर्थ नाही. पण मित्राने मला तो प्रश्न त्याच रुळांच्या कडेला बसून विचारला होता, हे लक्षात आल्यावर मला पुस्तक बाजूला ठेवता येईना.

टिळकांनी तो ‘नवा करार’ उत्साहाने वाचायला घेतला नव्हता. वाचीन असं कबूल केलं होतं, म्हणून उघडला. वाचत वाचत ते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे अडकले. शत्रूवर प्रेम करा, एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा, हा तो भाग. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या. त्यांचं वय तेव्हा सत्तावीसच्या आसपास, पदरात लहानगा दत्तू.

शब्दाचा घोळ

पुढे जाण्याआधी शब्दांकडे बघू. मला वाटतं आमची निम्मी भांडणं शब्दांनी लावलेली आहेत.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा एक प्रतिष्ठित, शिकलेला धर्मपंडित रात्रीच्या वेळी येशूला भेटायला येतो. येशू त्याला सांगतो की नव्याने जन्म घेतल्याशिवाय माणसाला देवाचं राज्य दिसायचं नाही. निकदेम गोंधळतो आणि विचारतो की म्हातारा माणूस आईच्या पोटात परत कसा शिरेल? इथे मूळ ग्रीकमध्ये ‘अनोथेन’ हा शब्द आहे. त्याचे दोन अर्थ होतात, ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. येशू बोलतो आहे वरून होणाऱ्या जन्माबद्दल, निकदेम ऐकतो आहे पुन्हा होणाऱ्या जन्माबद्दल. सगळा संवाद या गैरसमजावर चालतो. पुढे येशू वाऱ्याचा दाखला देतो. तिथेही तेच. ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा यांना एकच शब्द आहे.

आता हे मराठीत आणायचं म्हटलं तर काय होतं? आपल्याकडे ‘पुनर्जन्म’ हा शब्द तयार आहे, पण तो नेमका उलट्या दिशेला जातो. आपल्याकडे पुन्हा जन्म घ्यावा लागणं म्हणजे सुटका न होणं. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा. त्यातून सुटणं म्हणजे मोक्ष. ज्या भाषेत पुनर्जन्म ही शिक्षा आहे, त्या भाषेत ‘पुन्हा जन्म घे म्हणजे सुटशील’ असं कसं सांगायचं? म्हणून मराठी बायबलने ‘नवा जन्म’, ‘नव्याने जन्म’ असे शब्द धरले. फरक एका अक्षरमाळेचा दिसतो, पण त्यात एक सबंध विश्वकल्पना बदलते. एकीकडे कर्माचा हिशेब जन्मोजन्मी फेडत राहायचा. दुसरीकडे हिशेब दुसऱ्या कुणीतरी एकदाच चुकता केलेला आहे, तुम्ही फक्त तो मान्य करायचा.

‘तारण’ची गोष्ट आणखी मजेदार आहे. मूळ धातू ‘तॄ’, म्हणजे पार होणं. तरणं, तारक, नदीपार नेणारी तर, सगळं त्याच कुळातलं. वैनगंगेकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण व्यवहारात तारण म्हणजे गहाण. आणि गंमत अशी की ख्रिस्ती विचारात हा दुसरा अर्थही बसतो. माणूस पापाकडे गहाण पडलेला आहे आणि ख्रिस्ताने आपला प्राण देऊन त्याला सोडवलं, अशी ती कल्पना. मराठी बायबलमध्ये त्या किमतीसाठी ‘खंडणी’ हा शब्द आहे. आज तो शब्द ऐकला की डोळ्यांपुढे गुंड आणि बिल्डर येतात. त्या काळी तो सोडवणुकीचा मोबदला होता.

म्हणजे वरठीच्या प्लॅटफॉर्मवरचा माझा तो पाचकळ विनोद अगदीच निरर्थक नव्हता. मी योग्य प्रश्न चुकीच्या चेहऱ्याने विचारला होता. तारण म्हटलं की किंमत आली. ती कोण मोजतं?

मोजणारी बाई

धर्मांतराच्या आत्मकथनाचा एक ठरलेला साचा असतो. आधी अंधार, मग एक क्षण, मग उजेड. बाबा पदमनजींच्या आत्मचरित्राचं नावच ‘अरुणोदय’ आहे. ‘यमुनापर्यटन’ लिहिणारा हा माणूस १८५४ साली ख्रिस्ती झाला. पहाट झाली की रात्र मागे पडते. लेखक पहाटेच्या बाजूला उभा राहून रात्रीची गोष्ट सांगतो.

पंडिता रमाबाई या साच्याला थोडा धक्का देतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी आठेक वर्षं गेली. विल्यम हॅस्लम नावाच्या एका पाद्र्याची आत्मकथा त्यांच्या वाचनात आली. तो स्वतः पाद्री असूनही त्याचा नवा जन्म व्हायचा राहिला होता. ते वाचून रमाबाईंना स्वतःबद्दल शंका आली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पाणी डोक्यावर पडणं, रजिस्टरमध्ये नाव लागणं, धर्म बदलणं आणि माणूस बदलणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे एका ख्रिस्ती बाईनेच सांगून ठेवलेलं आहे. तरी रमाबाईंच्या साक्षीतही शेवटी एक ‘आधी’ आणि एक ‘नंतर’ आहेच.

‘स्मृतिचित्रे’ या साच्यात बसतच नाही. कारण या पुस्तकात नवा जन्म होतो नवऱ्याचा आणि गोष्ट सांगते बायको. प्रसववेदना मात्र तिच्या.

लक्ष्मीबाईंचं बालपण सोवळ्यात बुडालेलं. वडिलांना सोवळ्याचं वेड होतं आणि अख्खं घर त्या वेडाभोवती फिरत होतं. त्या ते सांगतात तेव्हा आपल्याला हसू येतं, आणि दोन पानांनी अंगावर काटा येतो. अशा घरातून आलेल्या बाईला कळतं की आपला नवरा बाटला. त्या काळात याचा अर्थ काय होता? नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी गेलेला. ती सवाष्ण की विधवा, हेही धड ठरेना. पुढची चारपाच वर्षं त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पंढरपूर, जलालपूर, कधी या घरी, कधी त्या घरी.

इथे कायद्याचीही एक बाजू आहे. १८६६ साली इंग्रज सरकारने खास अशा जोडप्यांसाठी कायदा केला होता. धर्मांतर केलेल्या माणसाला त्याच्या धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडलं, तर कोर्टात जाऊन ते लग्न मोडता येत होतं आणि दुसरं लग्न करता येत होतं. टिळकांना ती वाट मोकळी होती. त्यांनी ती घेतली नाही. ते पत्रं लिहीत राहिले आणि थांबले. त्यांच्या नव्या जन्माची मला पटलेली सगळ्यात मोठी खूण ही आहे. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या तारखेपेक्षा मला हे थांबणं जास्त बोलकं वाटतं.

पण लक्ष्मीबाई टिळकांना देव करत नाहीत. बाप्तिस्म्यानंतरही टिळक तेच आहेत. रागीट, विसराळू, हातात पैसा न टिकणारे, मनात आलं की उठून चालू लागणारे. तारण झालेल्या माणसाचा राग गेलेला नाही, हे त्या इतक्या सहज सांगतात की वाचणाऱ्याला आधी नुसतं हसू येतं. नंतर लक्षात येतं की ही फार धाडसी गोष्ट आहे. साक्ष देणारा माणूस असं सांगत नाही. त्याला ‘आधी’ काळं आणि ‘नंतर’ पांढरं दाखवावं लागतं. माझा मित्रही तेच करतो. सभेत उभा राहून तो आपल्या जुन्या आयुष्याचं जे वर्णन करतो, त्यातला माणूस माझ्या ओळखीचा नाही. मी त्या जुन्या आयुष्यात होतो. तो इतका वाईट नव्हता.

राहुरीचा दिवस

लक्ष्मीबाई परत आल्या त्या सोवळं घेऊनच. नवरा ख्रिस्ती, त्याच्याबरोबर राहायचं, पण खाणंपिणं आपलं आपण सांभाळायचं. त्यांचा हा काळ पुस्तकातला सगळ्यात गमतीचा आणि सगळ्यात खरा भाग आहे. कुणीही त्यांना युक्तिवादाने जिंकत नाही. टिळकांसारखा वक्ता घरात असून तोही जिंकत नाही.

आणि मग राहुरीला असताना एक दिवस, विचार करता करता, त्यांच्या मनात येतं की जाती देवाने केलेल्या नाहीत. त्या माणसाने केल्या. जन्म सगळ्यांचा सारखा, मरण सारखं. आणि त्या ठरवतात की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं आणि प्यायचं.

समीक्षक म्हणून मला इथे थांबावंसं वाटतं. हा प्रसंग नीट बघा. या क्षणी त्यांच्या मनात ख्रिस्ताच्या रक्ताचा, पापक्षमेचा, स्वर्गाचा विचार मध्यभागी नाही. मध्यभागी पाणी आहे. कुणाच्या हातचं पाणी. निकदेमाशी बोलताना येशू पाणी आणि आत्मा या दोन्हींनी होणाऱ्या जन्माबद्दल बोलतो. धर्मशास्त्री त्या पाण्याचा अर्थ बाप्तिस्मा असा लावतात, कुणी वेगळाही लावतात. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ते पाणी पिण्याचं होतं असं मी म्हणेन. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. माझ्या मते तोवर जन्म होऊन गेला होता, बारसं तेवढं राहिलं होतं.

टिळकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ब्राह्मण मुलाची मुंज झाली की तो ‘द्विज’ होतो, म्हणजे दुसऱ्यांदा जन्मलेला. टिळक द्विज होतेच. नवा जन्म ही कल्पना त्यांना परकी नव्हती. पण मुंजीतला दुसरा जन्म तुम्हाला इतरांच्या वर नेऊन बसवतो. तो जन्माने मिळालेल्या हक्कावर शिक्का मारतो. मुलीला तो नाही, शूद्राला नाही. येशू निकदेमाला ज्या जन्माबद्दल सांगतो त्यात निकदेमाचं सगळं मोठेपण शून्य होतं. त्याला लहान मुलाइतकं असहाय व्हावं लागतं. टिळकांना वर चढवणाऱ्या जन्मातून खाली उतरवणाऱ्या जन्माकडे यायचं होतं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं ते म्हणत, ते मला या अंगाने समजतं. मोठेपणाची भीती आणि लहानपणाची मागणी तुकोबांकडे भरपूर आहे. म्हणून टिळकांनी ख्रिस्ताबद्दल लिहिलं ते अभंगात. त्यासाठी त्यांना भाषा बदलावी लागली नाही. त्यांच्या कितीतरी आधी फादर स्टीफन्सनेही ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचलं आणि स्वर्गाला बेधडक ‘वैकुंठ’ म्हटलं. १६१६ साली गोव्यात ते छापलं गेलं.

पुस्तक जिथे कमी पडतं

आवडत्या पुस्तकाला सूट द्यायची नाही म्हटल्यावर एक गोष्ट बोलायला हवी.

राहुरीच्या त्या दिवशी लक्ष्मीबाईंना मुक्ती मिळाली, कारण त्यांनी ‘कुणाच्याही हातचं’ प्यायचं ठरवलं. पण तो हात कुणाचा? नगर भागातल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांमध्ये बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातून आलेले होते. त्यांच्यासाठी नव्या जन्माचा अर्थ काय होता? त्यांना सोवळं सोडायचं नव्हतं. ते त्यांच्याकडे कधी नव्हतंच. त्यांना हवी होती शाळा, नाव, समोरच्याच्या नजरेला नजर. ‘स्मृतिचित्रे’त ही माणसं येतात, प्रेमाने येतात, पण गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली जात नाही. पाणी पिणारीचा नवा जन्म आपल्याला दिसतो. पाणी देणाऱ्याचा दिसत नाही.

भंडाऱ्यात बसून हे वाचताना तर ते जास्तच टोचतं. १९५४ साली बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला दीक्षाभूमीवर त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये एक प्रतिज्ञा हीच आहे की आज माझा नवा जन्म होतो आहे असं मी मानतो. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी त्या प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या होत्या. म्हणजे ‘नवा जन्म’ हा शब्द आमच्या जिल्ह्याला चर्चमधून फारसा कळलेला नाही. तो दीक्षाभूमीवरून कळला. तिथे वरून कुणी तारायला येत नाही, बुद्ध मोक्षदाता नाही. माणूस आपल्या पायांनी एका व्यवस्थेतून बाहेर पडतो. शब्द एकच, पण एकीकडे कृपा आणि दुसरीकडे निर्धार.

आणि दोन्हीकडे जात मागे लागतेच. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती माणसाला आजही नाही. कागद म्हणतो, तुझा नवा जन्म झाला, तेव्हा तुझी जात संपली. गाव म्हणतं, छे, आम्ही ओळखतो तुला. नव्या जन्माच्या या बाजूवर ‘स्मृतिचित्रे’सारखं मोठं पुस्तक कुणीतरी लिहायला हवं. मी वाट बघतो आहे.

टिळकांचा शेवटचा प्रवास

टिळकांनी स्वतः हा प्रश्न सोडला नव्हता. मिशनमध्ये राहून, ‘ज्ञानोदय’चं मराठी संपादन सांभाळून, बावीस वर्षं झाल्यावर १९१७ साली ते मिशनमधून बाहेर पडले. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ताचे शिष्य यावेत आणि न घेतलेलेही यावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या पाण्यासाठी त्यांनी घरदार पणाला लावलं होतं, त्या पाण्याची अटच त्यांनी सैल केली. लोकांना वाटलं, म्हातारपणी यांचं काय बिनसलं? ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले. दरबार पुढे टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ अर्धं राहिलं, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

मी याच्याकडे अपयश म्हणून बघत नाही. १८९५ साली टिळकांना वाटलं होतं की जन्म झाला. १९१७ साली त्यांना कळलं होतं की जन्म चालू आहे. बायबलमध्ये निकदेमाचंही असंच आहे. त्या रात्रीच्या भेटीनंतर तो निरुत्तर होऊन जातो. मध्ये एकदा तो धर्मपंडितांच्या सभेत येशूच्या बाजूने हळूच एक प्रश्न विचारतो. शेवटी, येशूला क्रुसावरून उतरवल्यावर, सगळे शिष्य पांगलेले असताना, हा म्हातारा सुगंधी द्रव्यांचं जड ओझं घेऊन पुरायला येतो. त्याचा नवा जन्म नेमका कधी झाला? शुभवर्तमान सांगत नाही. तारीख देत नाही. फक्त तो येतो एवढं सांगतं.

शिरा

हे सगळं मी मित्राला सांगितलं. वरठीलाच, बाकावर बसून. त्याला सगळं पटलं नाही. तो म्हणाला, “तुम्ही लोक पुस्तकातून बघता. माझी रात्रीची झोप परत आली, ती पुस्तकातून नाही आली.” यावर मी काय बोलणार? त्याची झोप खरी आहे. मी ती बघितली आहे.

पण मी त्याला एक विचारलं. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूर्तीला दाखवलेल्या अन्नाचा प्रश्न येतो. करिंथच्या नव्या ख्रिस्ती लोकांपुढे अगदी काकूंच्या शिऱ्याचाच पेच होता. पौलाचं तिथलं म्हणणं असं की अन्न आपल्याला देवाजवळ नेत नाही आणि लांबही नेत नाही. आपल्या मोकळेपणाने दुसऱ्या कुणाचं मन मोडू नये, एवढं मात्र बघावं. तो म्हणाला, “ते दुबळ्या विश्वासाच्या भावांबद्दल आहे.” मी म्हटलं, “आणि आईबद्दल?” तेवढ्यात गाडी आली.

काकूंना मी ‘स्मृतिचित्रे’ दिलं. डोळ्यांचं कारण सांगून त्यांनी ते परत केलं, म्हणून मीच रविवारी जाऊन थोडं थोडं वाचून दाखवायला लागलो. वडिलांच्या सोवळ्याचा भाग आला तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. टिळक बाटल्याचा भाग आला तेव्हा उठून आत गेल्या. थोड्या वेळाने चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “वाच.”

मधे एक गुरुवार येऊन गेला. मी गेलो तेव्हा शिरा झालेला होता. काकूंनी कढईतून आधी एक वाटी भरली, झाकण ठेवलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात सरकवली. मग नैवेद्याचं ताट वाढलं. मी बघतच राहिलो. नैवेद्याच्या आधी कुणाला वाटी काढून देणं या घरात मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. लहानपणी नुसतं बोट लावलं तरी त्यांनी आमच्या हातावर फटका दिलेला आहे.

माझी नजर त्यांच्या लक्षात आली. “हे देवाला दाखवलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “हे तो खाईल.”

संध्याकाळी त्याने ते खाल्लं. न बोलता, पुसून.

पुढच्या रविवारी आम्ही राहुरीपर्यंत आलो. मी तो प्रसंग वाचून संपवला. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आणि तिचा नवरा? त्याने तिच्यासाठी काय सोडलं?”

मी पान उलटलं. अजून बरंच पुस्तक बाकी आहे.